वाचक विचारतात : एक्सेल तर उघडलं, आता या चौकटीत लिहायचं काय?

मागच्या महिन्यात मी इथे एवढंच लिहिलं होतं की ज्यांनी एक्सेलला अजून हात लावलेला नाही किंवा नुकताच लावलाय त्यांनी आपली अडचण कळवा. पत्रं आली ती बहुतेक अशा लोकांची ज्यांच्याकडे कुणाचा तरी हिशोब सोपवलेला आहे. बचत गट, सोसायटी, गणपती मंडळ. दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब म्हटलं की धाकधूक असतेच, म्हणून या वेळी पत्रं कमी घेतलीत पण उत्तरं सविस्तर दिलीत.

आधी एक सांगते, छापायच्या सोयीसाठी मी सूत्रं देवनागरीत लिहिलीयेत, म्हणजे =बी२+बी३ असं. तुम्ही टाईप करताना ही अक्षरं आणि आकडे इंग्रजीच टाका (सम म्हणजे SUM, समइफ म्हणजे SUMIF, राउंड म्हणजे ROUND, राउंडअप म्हणजे ROUNDUP). नावं, शेरे वगैरे मराठीत लिहिलं तरी काही अडत नाही.

ताई नमस्कार. माझं वय ४७, शिक्षण दहावी. आमच्या बचत गटाची मी सचिव आहे, आम्ही १२ जणी, दर महिन्याला प्रत्येकी २०० रुपये बचत. आजपर्यंत सगळं रजिस्टरमध्येच लिहिलं. आता मुलाने त्याचा जुना लॅपटॉप दिलाय आणि म्हणतो आई एक्सेलमध्ये कर, पण उघडलं की नुसत्या चौकटीच चौकटी, सुरुवात कुठून करू तेच कळत नाही. आणि चुकून काही दाबलं आणि सगळं गेलं तर?
— गटाच्या सचिव, तासगाव तालुका

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तीच भीती सगळ्यांना असते. काहीही चुकीचं दाबलं गेलं तर कंट्रोल धरून झेड दाबा, एक पाऊल मागे जातं. परत दाबा, अजून एक पाऊल मागे. पहिले १० मिनिटं नुसता हाच खेळ करा, काहीतरी लिहा, पुसा, कंट्रोल झेड करा, परत आलेलं बघा. हात सैल झाल्याशिवाय पुढचं काही डोक्यात शिरत नाही हे मी खूप जणींना शिकवताना बघितलंय.

आता त्या चौकटी. एका चौकटीला सेल म्हणतात. उभ्या रकान्याला वर ए, बी, सी असं अक्षर आहे आणि आडव्या ओळीला डावीकडे १, २, ३ असा आकडा, म्हणजे बी२ म्हटलं की बी रकान्यातली दुसरी ओळ. झालं, पत्ता कळला. एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी आणि १६,३८४ रकाने असतात पण तुम्हाला लागणार फक्त चार रकाने, त्यामुळे त्या पसाऱ्याकडे बघूच नका.

तुमचं रजिस्टर शेजारी उघडून ठेवा आणि मागच्या महिन्याची एकच बैठक घ्या. पहिल्या ओळीत चार मथळे लिहा: तारीख, नाव, प्रकार, रक्कम. आणि खाली एक व्यवहार म्हणजे एक ओळ. हे नीट सांगते कारण इथेच बहुतेक जण वाट चुकतात. रजिस्टरमध्ये आपण नावं खाली खाली आणि महिने आडवे लिहितो, ते डोळ्याला बरं वाटतं, म्हणून लोक एक्सेलमध्येही तेच करतात, आणि मग एखादी बाई एकाच बैठकीत २०० बचत, १,००० कर्जाचा हप्ता, १५० व्याज आणि उशिरा आली म्हणून १० दंड असं सगळं देते आणि त्या एवढ्याशा चौकटीत ते कोंबायचं कसं हा प्रश्न येतो. मग कुणी "200+1000" असं लिहून मोकळं होतं. तुम्ही तिच्यासाठी चार ओळी लिहा. तीच तारीख, तेच नाव, प्रकार मात्र वेगळा आणि रक्कम वेगळी. ओळी वाढल्या तर वाढू देत, कागद थोडाच संपणार आहे.

लिहिताना एका चौकटीतून उजवीकडच्या चौकटीत जायला टॅब दाबा, आणि चौथ्या रकान्यात रक्कम लिहून झाली की एंटर, तो आपोआप खालच्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन सोडतो. माऊसची गरज पडत नाही.

रकमेच्या रकान्यात फक्त आकडा. रजिस्टरची सवय म्हणून आपण "200/-" लिहितो, पण तसं लिहिलं की एक्सेल त्याला आकडा समजतच नाही, त्याच्या लेखी तो नुसता मजकूर, "सांगली" जसा मजकूर तसाच. आणि बेरीज करताना तो मजकूर गुपचूप वगळतो, तुम्हाला सांगतसुद्धा नाही. ओळखायची खूण सोपी आहे, आकडा आपोआप चौकटीच्या उजव्या कडेला चिकटतो आणि मजकूर डाव्या कडेला. मी पतसंस्थेत हिशोब बघायचे तेव्हा ५०० रुपयांचा फरक शोधत एकदा रात्री दहापर्यंत बसले होते, शेवटी सापडलं की एके ठिकाणी शून्याच्या जागी इंग्रजी ओ अक्षर पडलं होतं. दिसायला ५०० च, पण आत ५०० नव्हते. चौकटीत दिसतंय काय आणि तिच्या आत खरंच आहे काय, या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, एवढं आजच लक्षात ठेवा ताई, कारण पुढची जवळजवळ सगळी पत्रं याच एका गोष्टीवरची आहेत.

आता बेरीज. १२ जणींची बचत डी२ पासून डी१३ पर्यंत लिहिलीत असं समजू. कॅल्क्युलेटर काढू नका, आणि काढलात तरी त्याचं उत्तर इथे टाईप करू नका. बाजूच्या एखाद्या रिकाम्या चौकटीत, समजा एफ२ मध्ये, =सम(डी२:डी१३) लिहा आणि एंटर. २४०० येईल. आता कुणा एकीचे २०० बदलून १०० करा आणि एफ२ कडे बघत रहा. २३०० झाले ना? तुम्ही काहीच केलं नाही, त्याने परत मोजलं. या एका कारणासाठी लोक हे शिकतात. उत्तर टाईप केलं असतं तर ते २४०० च राहिलं असतं आणि चूक महिनाभराने कळली असती. वरच्या लांबट पट्टीत त्या चौकटीच्या आतलं खरं सूत्र दिसतं, अधूनमधून ती पट्टी बघायची सवय लावा.

हे जमलं की आठ दिवसांनी पुढचं. सगळे प्रकार एकाच यादीत असल्यामुळे नुसती बचत वेगळी काढायला =समइफ(सी:सी,"बचत",डी:डी) लिहायचं, म्हणजे सी रकान्यात जिथे जिथे "बचत" असेल तिथली डी मधली रक्कम मिळव. "बचत" च्या जागी "दंड" लिहिलं की दंडाची बेरीज. फक्त शब्द प्रत्येक ठिकाणी अगदी सारखा हवा, कुठे "बचत" आणि कुठे "मासिक बचत" लिहिलं तर दुसरं मोजलं जाणार नाही. आणि हे सूत्र सी किंवा डी रकान्यात लिहू नका, बाजूला लिहा.

रजिस्टर बंद करू नका हं. सह्या वहीतच होतात आणि गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांच्या जोडीला नियमित लेखे आहेत ते काही लॅपटॉपवर अवलंबून नाहीत. तीन महिने दोन्हीकडे लिहा, दर बैठकीला दोन्ही बेरजा जुळवा. तीन वेळा ओळीने जुळल्या की तुमचा स्वतःवरच विश्वास बसेल.

मॅडम, आईच्या गटातल्या कर्जाचं पत्रक मी बनवतेय. १०,००० रुपये, महिना दीड टक्का, दर महिन्याला १,००० मुद्दल परत. व्याजदर मी वर एच१ मध्ये लिहिला. बी रकान्यात सुरुवातीची बाकी, सी मध्ये व्याज, डी मध्ये हप्ता, ई मध्ये उरलेली बाकी. सी२ मध्ये =बी२*एच१ केलं तर १५० बरोबर आलं, पण चौकटीचा कोपरा धरून खाली ओढलं तर सगळीकडे शून्य.
— बीकॉम दुसरं वर्ष, बार्शी

अगं, तुझं सूत्र बरोबर आहे, फक्त ओढल्यावर ते सरकतं हे लक्षात आलं नाही. सूत्र एक ओळ खाली आलं की त्यातले पत्तेही एक ओळ खाली येतात. सी३ वर जाऊन वरची पट्टी बघ, तिथे =बी३*एच२ झालेलं दिसेल. बी३ व्हायला हवंच होतं, पण एच२ मध्ये काय आहे? काहीच नाही. रिकामी चौकट म्हणजे शून्य, म्हणून व्याज शून्य.

जो पत्ता हलू द्यायचा नाही त्याला खिळा ठोकायचा, तो खिळा म्हणजे डॉलरचं चिन्ह. =बी२*$एच$१ असं लिही. टाईप करताना एच१ वर कर्सर असेल तेव्हा एफ४ बटण दाबलं की डॉलर आपोआप लागतात, काही लॅपटॉपवर एफएन धरून दाबावं लागतं. आता ओढ.

बी३ मध्ये =ई२ लिही, म्हणजे मागच्या महिन्याची उरलेली बाकी हीच या महिन्याची सुरुवात. इथे डॉलर लावायचा नाही बरं का, हे सरकायलाच हवं. काय सरकू द्यायचं आणि काय धरून ठेवायचं हा विचार प्रत्येक सूत्राआधी दोन सेकंद करायचा, बाकी यात अवघड काही नाही. आणि एच१ मध्ये १.५ च्या पुढे टक्क्याचं चिन्ह आहे ना ते बघ, ते विसरलं तर पहिल्याच महिन्याचं व्याज १५,००० येईल.

सगळं बरोबर झालं तर व्याज १५०, १३५, १२० असं उतरत दहाव्या महिन्यात १५ येईल आणि एकूण व्याज ८२५. आता त्याच पानावर दुसरीकडे एक गोष्ट कर. पूर्ण १०,००० वरच दहाही महिने दीड टक्का लावून बघ, १,५०० येतात. ६७५ रुपयांचा फरक आहे! "दीड टक्का" दोन्हीकडे तोच. आईला सांग की गट यातल्या कुठल्या पद्धतीने व्याज घेतो ते बैठकीत विचार आणि ठरावात स्पष्ट लिहून घे, कारण कर्ज घेणारीला बहुतेक वेळा हा फरक कुणी आकड्यात मांडून दाखवलेलाच नसतो. तू दाखवू शकतेस आता.

आमच्या सोसायटीत ४८ फ्लॅट. मी खजिनदार, नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे काम अंगावर घेतलं आणि एक्सेल यूट्यूब बघून शिकलो. या महिन्याचं कॉमन लाईट बिल १७,३५० रुपये, ते ४८ ने भागून प्रत्येकी ३६१ लावले. खाली बेरीज १७,३५० दाखवते. एका सभासदांनी व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं की ३६१ गुणिले ४८ म्हणजे १७,३२८ होतात, मग २२ रुपये गेले कुठे? मला उत्तर देता आलं नाही. फार वाईट वाटलं.
— खजिनदार, डोंबिवली पूर्व

काका, तुम्ही एक रुपयाही चुकवलेला नाही हे आधी ग्रुपवर सांगा. १७,३५० भागिले ४८ म्हणजे ३६१.४५८३ आणि पुढे. तुम्ही दशांश नको म्हणून दशांश कमी करायचं बटण दाबून ते घालवलेत, म्हणजे दिसायला ३६१ झालं, पण चौकटीच्या आत अजून ३६१.४५८३ च आहे आणि बेरीज त्या आतल्या आकड्यांची होते. सभासदांनी दिसणाऱ्या आकड्यांची केली. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

बिलाची रक्कम बी२ मध्ये आहे असं समजू. आकडा खरोखर पूर्ण रुपयात आणायचा तर =राउंड($बी$२/४८,०) लिहा, शेवटचं शून्य म्हणजे दशांशानंतर शून्य अंक. मग बेरीज १७,३२८ येईल, पण सोसायटीला २२ रुपये कमी पडतील. त्याऐवजी =राउंडअप($बी$२/४८,०) केलं तर प्रत्येकी ३६२ आणि जमा १७,३७६, म्हणजे २६ रुपये जास्त. मला विचाराल तर राउंडअप करा आणि जास्तीचे २६ पुढच्या महिन्याच्या बिलातून वजा करा, त्यासाठी एक वेगळी ओळच ठेवा "मागील शिल्लक" म्हणून. पण हे कमिटीत ठरवून करा, खजिनदाराने एकट्याने ठरवू नये.

तुम्ही थकबाकीचं विचारलं नाहीये पण ही गोष्ट लगोलग तिथेही लागते. थकबाकीवर जास्तीत जास्त किती सरळव्याज लावता येतं याची मर्यादा आदर्श उपविधीत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, दिलेली असते. समजा तुमच्या सोसायटीचा दर वार्षिक २१ टक्के आहे आणि मुद्दल थकबाकी सी२ मध्ये आहे, तर एका महिन्याचं व्याज =सी२*२१%/१२, म्हणजे ४,००० थकले तर ७० रुपये. सरळव्याज आहे, म्हणून मुद्दल थकबाकी आणि व्याज हे दोन वेगळे रकाने ठेवा आणि सूत्र फक्त मुद्दलाच्या रकान्यावर चालवा. दोन्ही एकत्र मिळवून "एकूण थकबाकी" असा एकच रकाना केला आणि पुढच्या महिन्यात त्याच्यावर सूत्र ओढलं की व्याजावर व्याज लागायला सुरुवात होते, कुणाच्या मनात नसताना. सभासदाचं नुकसान आणि तुमच्यावर आरोप, दोन्ही टळेल. दर एका चौकटीत ठेवा आणि त्याला डॉलर लावा, वर बार्शीच्या मुलीला सांगितलंय तसं.

आमच्या मंडळाची वर्गणीची यादी, साडेतीनशे नावं. नावं अ पासून लावावीत म्हणून नावांचा रकाना सिलेक्ट करून सॉर्ट केलं, काहीतरी विचारलं त्याने, मी दुसरा पर्याय निवडून ओके केलं. आता नावं लागली ओळीने पण रकमा होत्या तिथेच. ज्यांनी १०१ दिले त्यांच्यासमोर ५,००१ दिसतायत. फाईल सेव्ह करून बंद पण केली. काय करू?
— मंडळाचा कार्यकर्ता, चिपळूण

पावती पुस्तकं आहेत ना जवळ? मग हिशोब वाचलाय, वेळ जाईल एवढंच. फाईल बंद करायच्या आधी लक्षात आलं असतं तर कंट्रोल झेडने काम झालं असतं. आता आधी ही फाईल कुणाला पाठवली होती का ते आठव, व्हॉट्सॲपवर किंवा मेलवर जुनी प्रत सापडली तर तीच घे. नसेल तर दोघांनी बसा, एकाने पावती वाचायची, दुसऱ्याने टाईप करायचं, आणि या वेळी पहिला रकाना पावती क्रमांकाचा करा. तो असला की पूर्ण ओळी कितीही उलटसुलट झाल्या तरी यादी पावती क्रमांकाने लावली की मूळ क्रम परत येतो.

झालं असं की तू एकच रकाना निवडलास, त्यामुळे एक्सेलला वाटलं फक्त हाच हलवायचा. त्याने शंका आली म्हणून विचारलं होतं, एक्स्पांड द सिलेक्शन म्हणजे शेजारचे रकाने पण बरोबर घेऊ का, आणि दुसरा पर्याय म्हणजे जेवढं निवडलंय तेवढंच हलवू. पहिलाच घ्यायचा असतो. त्याहून बरं म्हणजे रकाना निवडूच नकोस, यादीतल्या कुठल्याही एका चौकटीवर क्लिक कर आणि मग सॉर्ट, तो पूर्ण यादी स्वतः ओळखतो. पण मध्ये पूर्ण रिकामी ओळ किंवा पूर्ण रिकामा रकाना सोडलेला नसावा, नाहीतर त्याला यादी तिथेच संपली असं वाटतं. वाडीप्रमाणे मध्ये मध्ये ओळ सोडायची सवय असते आपल्याला, ती मोडायची. वाडी हा वेगळा रकाना कर आणि फिल्टर लाव, मग पाहिजे ती वाडी एका क्लिकमध्ये वेगळी दिसते.

मोठं काही करायच्या आधी फाईलची प्रत काढून तिला तारखेचं नाव द्यायचं. साडेतीनशे लोकांनी विश्वासाने दिलेले पैसे आहेत, एवढे कष्ट घ्यायलाच हवेत.

माझी मुलगी न्यू जर्सीला असते. मी रोजची शुगर लिहावी म्हणून तिने गुगल शीट बनवून दिली. मी ५/४/२०२५ लिहिलं तर आलेखात ते मे महिन्यात जातं. आणि १३ तारखेपासून तर आलेखात येतच नाही. एकदा तारखेच्या जागी नुसता ४५७४८ असा आकडा आला. माझं काही चुकतंय का?
— वय ७१, नाशिक

नाही आजोबा, तुम्ही आपल्या पद्धतीने बरोबरच लिहिताय. शीट मुलीने अमेरिकेत बनवली म्हणून ती अमेरिकन पद्धतीने तारीख वाचतेय, आधी महिना मग दिवस. तुमचा ५/४ तिला ४ मे वाटतो. आणि १३/४ आला की तेरावा महिना तर नसतोच, मग ती त्याला तारीखच मानत नाही, नुसता मजकूर म्हणून डावीकडे सारून ठेवते. तुम्ही त्या रकान्याकडे बघा, १२ पर्यंतच्या तारखा उजवीकडे आणि पुढच्या डावीकडे दिसतील.

मुलीला सांगा किंवा लॅपटॉपवर स्वतःच करा, फाईल मेनूमध्ये सेटिंग्ज, तिथे लोकॅल असतं, ते इंडिया करायचं. त्यापुढच्या तारखा नीट जातील. आधी लिहिलेल्या मात्र आपोआप दुरुस्त होणार नाहीत, कारण आत ४ मे असंच बसलेलं आहे, त्या एकदा परत लिहायला लागतील. डॉक्टरांना आलेख दाखवायचा असेल तर हे नक्की करा, चुकीच्या महिन्यातली शुगर बघून कुणी गोळी बदलायला नको.

४५७४८ ची गंमत अशी की शीटच्या आत तारीख ही तारीख नसतेच, ती दिवसांची मोजणी असते. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२ आणि १ एप्रिल २०२५ म्हणजे ४५७४८. आपल्याला दाखवताना त्यावर तारखेचं रूप चढवतात. तुमच्याकडून ते रूप उतरलं, तारीख आत शाबूत आहे. ती चौकट निवडून फॉरमॅट, नंबर, डेट केलं की परत दिसेल. आणि दिवस असे मोजलेले असतात म्हणूनच एका तारखेतून दुसरी वजा केली की मध्ये किती दिवस गेले ते लगेच मिळतं, मागची तपासणी कधी झाली होती ते बघायला तुम्हाला उपयोगी पडेल.

अंगणवाडीच्या यादीत आधार नंबर टाकला की १.२३ई+११ असं काहीतरी होतं, आणि बँक खात्याच्या सुरुवातीची शून्यं उडून जातात. कधी कधी नुसते #### येतात.
— सेविका, नंदुरबार जिल्हा

#### म्हणजे काही बिघडलेलं नाही, रकाना अरुंद आहे, वरच्या दोन अक्षरांमधल्या रेघेवर डबल क्लिक करा, रुंद होईल.

आधारचा नंबर १२ अंकी, आणि एक्सेल साध्या चौकटीत ११ अंकांपर्यंतच सरळ दाखवतं, त्यापुढे असं आखूड करून लिहितं. खात्याच्या बाबतीत त्याला वाटतं हा आकडा आहे, मग सुरुवातीच्या शून्यांना काय अर्थ. आणि १५ च्या पुढचे अंक तर तो चक्क शून्य करून टाकतो, ते परत मिळत नाहीत. म्हणून जो नंबर कधी बेरजेत जाणार नाही तो मजकूर म्हणूनच लिहायचा. आधी पूर्ण रकाना निवडून त्याचं फॉरमॅट टेक्स्ट करा आणि मग टाईप करायला घ्या, लिहून झाल्यावर केलं तर उडालेली शून्यं येत नाहीत. एकटदुकट नंबर असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाकलं तरी चालतं. आणि बाई, आधार नंबर असलेली फाईल ग्रुपवर टाकू नका, कुणी मागितली तर तो रकाना काढून प्रत द्या.

मी शाळेत ३० वर्षं गणित शिकवलं. आता नातवाकडून हे शिकतेय आणि मला उत्सुकता आहे की हे मुळात सुचलं कुणाला?
— निवृत्त शिक्षिका, पणजी

बाई, तुम्हाला हे आवडेल, कारण ते फळ्यावरूनच सुचलं. डॅन ब्रिकलिन हा १९७८ मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलला शिकत होता, तिथे प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता मांडायचे आणि त्यातला एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून परत लिहायला लागायचे. तुम्ही हे ३० वर्षं केलंय. त्याला वाटलं की असा फळा पाहिजे की एक आकडा बदलला तर बाकीचे आपोआप बदलतील. बॉब फ्रँकस्टन या मित्राबरोबर त्याने ते बनवलं, १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकासाठी व्हिझीकॅल्क नावाने ते बाजारात आलं. त्यात २५४ ओळी आणि ६३ रकाने होते. एक्सेल त्यानंतर १९८५ मध्ये आलं, तेही आधी मॅकिंटॉशवर.

तुम्ही नातवाला एक विचारा, तीनचा पाढा एकदाच सूत्र लिहून आणि खाली ओढून करून दाखव म्हणावं, आणि मग तीनच्या जागी सतरा टाक. बीजगणितातलं चल म्हणजे काय हे मुलांना त्या क्षणी जसं दिसतं तसं फळ्यावर दाखवताना आपल्याला किती सायास पडायचे!

लॅपटॉप नाही, फोनवर शिकता येईल का? आणि क्लास लावू का?
— डबे पुरवणाऱ्या, हडपसर

नोंदी करायला फोन पुरतो. गुगल शीट्स फुकट आहे, त्यात चौकटीवर दोनदा बोट टेकवलं की लिहिता येतं आणि ते आपोआप सेव्ह होतं. सूत्रं मात्र पहिल्यांदा कुणाच्या तरी लॅपटॉपवर बसून लिहून घ्या, फोनच्या एवढ्याशा पडद्यावर सूत्र लिहिताना चुकीच्या चौकटीवर बोट पडतं आणि नवीन माणूस कंटाळतो. लॅपटॉपवर एकदा जुळलेली शीट मग फोनवर रोज भरत जा: तारीख, गिऱ्हाईक, किती डबे, किती पैसे आले. मुलीला किंवा नवऱ्याला दाखवायची असेल तर शेअर करताना व्ह्यूअर निवडा, म्हणजे बघता येईल पण बदलता येणार नाही. चुकून काही पुसलं गेलं तर लॅपटॉपवर फाईल मेनूत व्हर्जन हिस्टरीमध्ये कालची, परवाची शीट तशीच्या तशी मिळते.

क्लासचं म्हणाल तर सरकारी नोकरीच्या अर्जाला प्रमाणपत्र पाहिजे असेल तर एमएससीआयटी करा, त्यात एक्सेल येतंच. नुसता डब्यांचा हिशोब पाहिजे असेल तर आधी महिनाभर रोज रात्री १५ मिनिटं स्वतःची शीट भरा. बंद दिवस, अर्धा डबा, आगाऊ दिलेले पैसे असे प्रश्न निघतील तसे लिहून ठेवा आणि ती यादी मला पाठवा, पुढच्या अंकात तुमचीच शीट घेऊन बसू.